परिच्छेद चार, वडिलांच्या सांगण्यावरून

आधी घटनाक्रम आणि जबाबदारी, मग बाकीचे.

जूनचा तिसरा शनिवार: सांगलीच्या एका महाविद्यालयात इंग्रजी निबंधलेखनाचा प्रमाणपत्र वर्ग सुरू झाला. जबाबदार: मी, कारण शिकवायला मी स्वखुशीने गेलो. दसऱ्यानंतरचा पहिला शनिवार: त्या वर्गाला मी शपथपत्राचे शेवटचे कलम शिकवले. जबाबदार: पुन्हा मीच. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यातला गुरुवार: त्या कलमामुळे वर्गातल्या सर्वांत चांगल्या निबंधाला शून्य गुण मिळाले. जबाबदार: तपासणी समितीचे तीन सदस्य, त्यांतही विभागप्रमुख, कारण शेरा त्यांच्या हस्ताक्षरातला आहे. त्यानंतरचे तीन सोमवार: समितीला माझी तीन पत्रे, पोचपावतीसह. उत्तर एकालाही नाही. त्याची जबाबदारी कोणाची, हे वाचकांनीच ठरवावे.

मी साताऱ्याच्या न्यायालयात शिरस्तेदार होतो. हयात दुसऱ्यांचे कागद तपासण्यात गेली, आणि निवृत्तीनंतर ती सवय सुटण्याऐवजी वाढली. पाणीपुरवठ्यापासून पोस्टापर्यंत सातारा शहरात माझे पत्र ज्याला गेले नाही असे कार्यालय विरळा. त्यामुळे महाविद्यालयाने निवृत्त माणसांना शिकवण्याचे आवाहन केले, तेव्हा घरच्यांनी माझी पिशवी स्वतः भरून दिली. दर शनिवारी सकाळची सांगली एसटी मी पकडू लागलो.

वर्गात मराठी माध्यमातून आलेली वीस-बावीस मुलेमुली होती. इंग्रजी वाक्य समोर आले की समन्स आल्यासारखी ती बसत. पहिला निबंध मी त्यांना आपापल्या गावावर लिहायला सांगितला. तो वाचताना मला घाम फुटला. सगळ्यांची गावे एकसारखीच निसर्गरम्य होती. आटपाडीच्या मुलाच्या निबंधात तर गावाशेजारून नदी खळाळत वाहत होती.

"ही कुठली नदी?" मी विचारले.

"आवं सर, गाइडात हाय की."

"गाइडात आहे. आटपाडीत आहे का?"

"आटपाडीत कवा असती, कवा नसती. गाइडात बारमाही हाय बगा."

वर्ग हसला आणि मीही हसलो. पण परतीच्या बसमध्ये मला एकदम उमगले की या मुलांची अडचण इंग्रजी नव्हतीच. आपण जे पाहिले, जे ऐकले, ते लिहिण्याजोगे आहे, असे त्यांना कोणी कधी सांगितलेच नव्हते.

पुढच्या शनिवारी मी फळ्यावर एकच शब्द लिहिला: कशावरून? नियम ठरला. कोणीही कोणतेही विधान केले की बाकीच्यांनी हा प्रश्न विचारायचा, आणि उत्तर इंग्रजीत द्यायचे. महिन्याभरात वर्गाचा नूर पालटला. मेढ्याची एक मुलगी, जी हजेरीलाही मान खाली घालून उत्तर देई, ती उठून म्हणाली की जावळीत भाताच्या जागी स्ट्रॉबेरी वाढली. चहूबाजूंनी कशावरूनचा मारा झाला. ती बसली नाही. कोणत्या शिवारात, कोणाच्या वावरात, कोणी सांगितले, हे तिने मोडक्या इंग्रजीत पण एकेक करून मांडले. मी तोवर असंख्य साक्षी ऐकल्या होत्या. इतकी सरळ साक्ष क्वचितच ऐकली असेल. त्या दिवशी सांगलीच्या स्टँडवर मी उगाचच दोन कप चहा घेतला.

याच उत्साहात दसऱ्यानंतर मी त्यांना शपथपत्र दाखवले. शपथपत्राच्या शेवटी एक कलम असते. वरच्या मजकुरातले कोणते परिच्छेद आपल्याला स्वतःला ठाऊक आहेत आणि कोणते दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपण खरे मानतो, हे त्यात वेगवेगळे नमूद करावे लागते. मी म्हणालो, संशोधनात स्रोत देतात तो याच प्रामाणिकपणासाठी. संदर्भसूचीची पद्धत पुढे शिकाल. तूर्त निबंधाच्या खाली हे कलम लिहा. त्यांना ते भलतेच आवडले. आटपाडीकर म्हणाला, "म्हंजे खोटं लिवलं तर आत जायाचं?" मी म्हणालो, माझ्या वर्गात तरी हो.

आता त्या निबंधाकडे येतो. लिहिणारी मुलगी मिरजेची, तंबोरे घडवणाऱ्या घरातली. मिरजेचे तंबोरे का घटले, हा तिचा विषय. गाइडातले उत्तर एका ओळीचे होते: तंबोऱ्याचा सूर देणारी विजेची यंत्रे आली. तिने आधी स्वतः कारखान्यात काय पाहिले ते तीन परिच्छेदांत लिहिले. चौथ्यात वडिलांचे म्हणणे, की यंत्रांमुळे गिऱ्हाईक तुटले. पाचव्यात चुलत्यांचे, की गिऱ्हाईक आहे, पण तंबोऱ्याच्या बुडाला लागणारे पूर्वीसारखे मोठे, जाड सालीचे भोपळे मिळत नाहीत. आणि सहाव्यात तिने लिहिले की दोघांपैकी कोण बरोबर हे मला अजून सांगता येत नाही, त्यासाठी भोपळा पिकवणाऱ्यांना भेटावे लागेल.

तो निबंध मी एसटीत वाचला आणि कराडला चहाला उतरायचे विसरलो. शेजारच्या प्रवाशाला मी तो परिच्छेद मराठीत करून ऐकवला. वडिलांचे आणि चुलत्यांचे म्हणणे समोरासमोर ठेवून, मला अजून ठाऊक नाही, असे एक मुलगी परक्या भाषेत लिहिते, याहून मोठे काय शिकवायचे असते? प्रवासी म्हणाला, "नात का तुमची?" मी नाही म्हणालो, पण थोडा वेळ लावून.

खाली कलम होते: परिच्छेद एक ते तीन मी स्वतः पाहिलेले; चार वडिलांच्या आणि पाच चुलत्यांच्या सांगण्यावरून; सहा माझा विचार.

समितीचा शेरा असा: "परिच्छेद चार व पाच इतरांचे असल्याचे विद्यार्थिनीने स्वतः मान्य केले आहे. शून्य."

गुणांच्या भीतीने बाकीच्यांनी कलम गाळून गाइडच उतरवले होते; त्या गाइडातल्या नद्या उत्तीर्ण झाल्या. या मुलीला मात्र प्रमाणपत्र नाही, आणि प्रमाणपत्राशिवाय ग्रंथालयशास्त्राच्या अभ्यासक्रमाला अर्ज करता येत नाही. मी विभागप्रमुखांच्या दालनात गेलो. ते सौम्यपणे म्हणाले, "शेवटच्या ओळी काढून निबंध पुन्हा द्यायला सांगा. आम्ही पास करू. कोर्टातलं इथं आणलंत कशाला?"

म्हणजे तोच निबंध, तीच माहिती. फक्त ती कोठून आली हे लपवले की उत्तीर्ण.

संतापाच्या भरातच मी मिरजेला त्या मुलीच्या घरी पोचलो. तिचे वडील घोडी घासत बसले होते. घोडी म्हणजे तारांखालची ती पट्टी, जिच्या घासण्यावर तंबोऱ्याचा सारा नाद ठरतो. त्या कामाला जवारी म्हणतात. मी निरोप सांगितला, पण सल्ला दिला नाही. कलम माझे होते, वर्ष तिचे जाणार होते.

"काढून टाक की गं," वडील म्हणाले. "चार ओळींपायी वर्ष घालवतीस व्हय? वकीलसाहेब, तुमीच सांगा तिला."

मी वकील नाही, हे सांगण्याची ती वेळ नव्हती.

मुलगी म्हणाली, "अब्बा, गिऱ्हाईक तंबोरा न्यायला आलं की तुमी काय सांगता?"

"काय सांगतो? दांडी भावाची, नक्षी शेजारच्या मिस्त्रीची, जवारी माझी."

"मग ती काय चोरीची कबुली झाली?"

वडिलांची कानस थांबली. "असं कसं. ज्याचं काम त्याचं नाव सांगावंच लागतं. उद्या नाद बिघडला तर गिऱ्हाईकानं जायचं कुणाकडं?"

"मी तेच लिहिलंय," ती म्हणाली.

वडिलांनी माझ्याकडे पाहिले, मग तिच्याकडे. "राहू दे मग," म्हणाले, आणि पुन्हा घासू लागले. तिने निबंध दुसऱ्यांदा दिला, एकही ओळ न काढता; शून्य अजून तसेच आहे. मी शिकवलेले कलम तिच्या घरात माझ्या आधीपासून पाळले जात होते, आणि तिने ते तिथूनच उचलले होते. परतताना मला इतका आनंद झाला होता की रागाला जागा राहू नये; पण मी दोन्हींना जागा करून दिली.

माझी चूक मी मान्य करतो. ते कलम शिकवताना मी समितीला कळवायला हवे होते, आणि कळवले नाही. ही कबुली भर वर्गासमोर द्यायला मी तयार आहे. विभागप्रमुखांनीही यावे. अर्जाची मुदत संपण्यापूर्वीच्या कोणत्याही शनिवारी, महाविद्यालयाच्या सभागृहात, त्या मुलीच्या आणि तिच्या वडिलांच्या देखत त्यांनी एवढेच सांगावे: उत्तीर्ण केलेल्या निबंधांपैकी कोणत्या निबंधाने आपला मजकूर कोठून आणला हे सांगितले आहे? आणि जिने सांगितले तिला शून्य, ते कशावरून? उत्तर पत्राने नको. पत्रे माझ्याकडे पुष्कळ आहेत.