आधी तिला बघू दे

"आधी तिला बघू दे."

एवढं म्हणून खाला अंगणात जमिनीवर बसायच्या. दोन्ही हात मांडीवर, तळवे वर उघडे. कोंबडीकडे त्या बघायच्यासुद्धा नाहीत. कोंबडी मान वाकडी करून त्यांना एका डोळ्याने न्याहाळायची, मग मान फिरवून दुसऱ्या डोळ्याने. दुसरा डोळा झाला की खाला हसायच्या. "झालं. आता आपण हिला बघू."

तुमच्याही गल्लीत असं एखादं माणूस असेल, ज्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नसतं. आमच्या खाला तशा. जळगावात आमच्या घराला त्यांची भिंत लागून. त्यांच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या गाद्या-उशा भरायचं काम. कापसात कचरा आहे का बघायला त्या मूठभर कापूस उचलून फुंकर मारत. कोंबडी हातात आली की तशीच फुंकर तिच्या मानेवर. पिसं बाजूला होत, खालची कातडी दिसे, आणि खाला अशी मान हलवत जणू कुणीतरी कानात सगळं सांगितलं.

त्यांनी स्वतः आयुष्यभर कोंबड्या पाळल्या होत्या. मुलाने घरात फरशी बसवली, अंगण झाकून टाकलं, तेव्हा कोंबड्या गेल्या. तेव्हापासून गल्लीत कुठे कोंबडी ओरडली की हातातली सुई थांबायची, हे मी पाहिलं आहे.

आमच्या घरात कोंबड्या येतील असं मात्र कुणालाच वाटलं नव्हतं. माझे वडील, नाना, माळकरी. मूळ मुक्ताईनगरकडचे. गळ्यात तुळशीची माळ, घरात अंडंसुद्धा येत नाही. नाना डाळ मिलमध्ये काम करतात. तिथल्या वॉचमनने सांडलेल्या तुरीवर चार कोंबड्या पोसल्या होत्या. तो गावी निघून गेला आणि कोंबड्या चिकनच्या दुकानात देऊन टाका असं मिलमध्ये ठरलं. त्या संध्याकाळी नाना सायकलवर चुनीचं, म्हणजे डाळीच्या चुऱ्याचं, पोतं घेऊन आले. पोत्याला भोकं पाडलेली होती आणि आतून आवाज येत होता.

आई धुळ्याकडची, तिची बोली अजून माहेरचीच. ती म्हणाली, "हाई काय लयनात?"

"पाहुणे."

"पाहुणासले पोतामा कोन लयस?"

भिंतीपलीकडून हसू ऐकू आलं आणि पाठोपाठ खालाच आल्या. नानांना म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही आणि कोंबडी? आता मी मरायला मोकळी. सगळं बघून झालं."

मग त्या जमिनीवर बसल्या. चारही कोंबड्यांचे आठही डोळे होईपर्यंत उठल्या नाहीत.

काळ्या कोंबडीला गल्लीतल्या सगळ्यांनी एव्हाना कडकनाथ ठरवलं होतं. खालांनी तिची चोच हलकेच उघडली. "जीभ बघ, गुलाबी. तुरा लालभडक. कडकनाथ आतूनसुद्धा काळा असतो. ही आपली गावरान. काळी आहे म्हणून काय तिला मोठ्या घरची करायची?" उघड्या मानेची दुसरी, तीही गावरानच, "हिला उन्हाळा सोपा जाईल." तिसरी अंगाने दांडगी, चट्ट्यापट्ट्याची. "ही गिरिराज. खाणार हत्तीसारखं आणि पळणारही हत्तीसारखी."

चौथी लालसर तपकिरी. तिला घेतल्यावर खालांनी फुंकरही मारली नाही. अंगठ्याने चोच दाखवली. टोक कापलेलं होतं. "पिंजऱ्यात दाटीने ठेवतात, एकमेकींना टोचतात, म्हणून लहानपणीच कापतात. ही कंपनीची. अंडी घालेल, पण त्यांच्यावर कधी बसणार नाही. या कोंबड्यांमधून आईपण काढूनच टाकलंय."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. अशा वेळी आपल्यालाही काहीतरी माहीत असावं असं मला फार वाटतं. मी मोबाइलवर त्या लाल कोंबडीचे फोटो काढून जात शोधली. सावलीतल्या फोटोला मोबाइलने एक जात सांगितली, उन्हातल्याला दुसरी, आणि ती पळत असतानाच्या फोटोला चक्क तितर म्हटलं. खाला पोट धरून हसल्या. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, "बेटी, फोनची चूक नाही. त्याने हिला बघितलं, पण हिने त्याला कुठे बघितलं?"

त्या लाल कोंबडीचं नाव 'कंपनी'च पडलं.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. नवी कोंबडी आणली की काही दिवस कोंडून ठेवायची, म्हणजे तिला घर कळतं. केळीच्या रिकाम्या क्रेटवर पोतं टाकून आम्ही खुराडं केलं. फुटक्या घमेल्यात राख आणि माती, त्यात त्या लोळतात, उवा जातात. पाणी उथळ भांड्यात. कवच मजबूत व्हावं म्हणून शिंपल्यांचा चुरा. आणि कंपनीला चुनी भिजवून, कारण कापलेल्या चोचीला सुटा दाणा उचलता येत नाही. हे सगळं सांगून, दोनदा माझ्याकडून म्हणवून घेऊन खाला रमजानसाठी धुळ्याला मुलाकडे गेल्या.

आम्ही त्यांचा शब्द न्‌ शब्द पाळला. एकच गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती: अंड्यांचं काय करायचं. त्यांच्या घरात ते सांगावं लागत नाही. आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हतं. नाना म्हणाले, "त्यांचं आहे, त्यांच्यापाशी राहू दे." आई हात लावेना. मग अंडी तिथेच राहिली आणि वाढत गेली. आम्ही सकाळी दर्शन घेतल्यासारखं बघायचो आणि पोतं खाली सोडायचो.

ईद झाल्यावर खाला परत आल्या तेव्हा कंपनी चार दिवस जागची हलली नव्हती. पिसं फुगवलेली, खाणं नाही, जवळ गेलं की नागासारखा फुस्स आवाज. आई रडवेली झाली होती. "खाला, तिले काय व्हयनं?"

खालांनी पोतं उचललं. आत अंड्यांचा ढीग, वर पसरून बसलेली कंपनी. वासानेच कळत होतं की खालची काही कुजली आहेत. खाला इतक्या हसल्या की ओढणी खांद्यावरून घसरली. "अरे भाऊ, देवळातले नारळ आहेत का हे साठवायला!" मग एकदम त्यांचं हसू थांबलं. पुन्हा वाकून त्यांनी ती कापलेली चोच नीट पाहिली.

"खुडूक झाली," त्या हळूच म्हणाल्या. "कंपनीची कोंबडी खुडूक झाली, उबवायला बसली."

कोंबडा नाही, तर ती अंडी उबवून काहीच निघणार नव्हतं. बसून बसून ती वाळली असती. अंडी काढून, तिला दोन-चार दिवस उघड्यावर टोपलीखाली ठेवलं की खूळ उतरतं, हा उपाय खालांनीच सांगितला. पण सांगताना त्यांचे हात हलले नाहीत. "मी म्हटलं होतं ही बसणार नाही. आता बसलीच आहे, तर शेवटपर्यंत बसते का, मला बघायचंय."

त्यांच्या बहिणीकडे, वरणगावला, गावरान कोंबड्या आणि कोंबडा होता. तिथली ताजी अंडी आणून कंपनीखाली ठेवायची होती. आणणार कोण? खालांचे गुडघे मोटरसायकलवर बसू देत नव्हते. सगळे नानांकडे बघायला लागले. नाना बराच वेळ माळेवरून बोटं फिरवत राहिले. मग म्हणाले, "त्यात जीव आहे ना?"

"आहे."

"मग जाऊ."

खालांनी पिंजलेला कापूस पत्र्याच्या डब्यात भरून दिला. नानांनी शेजाऱ्याची मोटरसायकल मागून घेतली. परतताना मी मागे बसून डबा पोटाशी धरला होता. भुसावळला चहाला थांबलो तर नानांच्या भजनातले एकजण भेटले. "डब्यात काय, प्रसाद का?" मी घाबरून नानांकडे पाहिलं. नाना शांतपणे म्हणाले, "अंडी. आमच्या कोंबडीला बसवायचीय." इतक्या साध्या आवाजात, की त्या गृहस्थांनी फक्त "गाडी हळू चालवा" एवढंच म्हटलं.

आता ऊन तापायला लागलं होतं. उन्हाळ्यात पिल्लं नीट निघत नाहीत, हे खालांना माहीत होतं. खुराड्याच्या चारी बाजूंनी ओली पोती लावायची, आतली हवा कोंडू द्यायची नाही. रोज एकदा कंपनीला उचलून भिजवलेली चुनी आणि पाणी द्यायचं, आणि अंडी गार होण्याआधी परत ठेवायचं. उचलायचं काम माझं. पहिल्या दिवशी तिने माझ्या मनगटाला अर्ध्या चोचीने चिमटा काढला. खाला म्हणाल्या, "शाबास." मला नाही, तिला.

याच दिवसांत त्यांच्या मुलाचे फोन वाढले. त्याने आईला कायमचं धुळ्याला न्यायचं ठरवलं होतं. इथलं घर भाड्याने गेलं होतं, टेम्पोही सांगून ठेवला होता. खाला रोज नवं कारण काढत. शेवटी एकदा भिंतीपलीकडून फोनमधला आवाज मला ऐकू आला: "अम्मी, मुर्गी के लिए रुकी है तू?" खाला कडक आवाजात म्हणाल्या, "हाँ. बैठी है वो. उठने दे."

मला रोज वाटायचं, आज ही उठणार. दुपारी चोच उघडी टाकून धापा टाकायची, डोळे अर्धे मिटायची. पण बसून राहायची. खालाही सुई-दोरा घेऊन आमच्याच अंगणात बसायच्या. दोघी एकमेकींकडे बघायच्या नाहीत.

टेम्पो आला त्या दिवशी सामान चढत होतं आणि खाला आमच्या खुराड्यापाशी होत्या. त्यांनी एक अंडं काढून कानाला लावलं. मग माझ्या कानाला. आतून टकटक येत होतं, आणि फार बारीक, चिडल्यासारखा चिवचिवाट. नाना मागे उभे होते. खालांनी काही न विचारता अंडं त्यांच्यापुढे धरलं.

माझ्या वडिलांनी ते घेतलं. गळ्यात माळ, कानाशी अंडं, डोळे मिटलेले. आयुष्यात त्यांनी पहिल्यांदा अंडं हातात धरलं होतं. "बोलतंय," ते म्हणाले. आईने पदर तोंडाला लावला.

सगळी नाही निघाली. काहींतून काहीच आलं नाही. पण दुपार टळेपर्यंत कंपनीच्या पिसांतून ओली, पिवळी-काळी डोकी बाहेर येऊ लागली, आणि जिने कधी आई पाहिली नव्हती ती कोंबडी घशातून असा आवाज काढू लागली, जो तिला कुणी शिकवला नव्हता. टेम्पोवाला आत बोलवायला आला. खालांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवलं. "बघ. कंपनीची आहे. लोक म्हणतात, या बसत नाहीत."

"कोन लोक?" आईने विचारलं.

"आहेत काही अडाणी," खाला म्हणाल्या, आणि ओढणी सावरून ताठ मानेने टेम्पोत बसल्या. गाडी वळेपर्यंत त्या टेम्पोवाल्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत होत्या, "ती मुलगी. रोज उचलायची तिला. कॉलेजात आहे."

आता भिंतीपलीकडे दुसरे लोक राहतात. चांगले आहेत. आमच्या अंड्यांचा प्रश्न त्यांनी सोडवला, रोज सकाळी वाटी घेऊन येतात. नवीन कुणी आलं की मी कोंबड्यांच्या जाती सांगते. कंपनीपाशी आले की जात सांगते आणि मग पिल्लंही दाखवते.

परवा धुळ्याहून व्हिडिओ कॉल आला. "कंपनी कुठंय?" मी मोबाइल घेऊन तिच्यामागे पळायला लागले. "पळू नकोस! खाली ठेव मला. आधी तिला बघू दे."

मी मोबाइल क्रेटला टेकवून जमिनीवर उभा केला आणि बाजूला झाले. उंच झालेली पिल्लं मागे ठेवून कंपनी पुढे आली. मान वाकडी करून एका डोळ्याने स्क्रीनकडे बघत राहिली. खालांचा चेहरा अगदी स्थिर होता, पापणीही हलत नव्हती. नेटवर्क गेलं असं वाटून मी हात पुढे केला, तेवढ्यात मला त्यांचे हात दिसले. मांडीवर, तळवे वर उघडे.

मी हात मागे घेतला. कंपनीने मान फिरवली, आणि दुसरा डोळा लावला.