पालथ्या टोपलीवर दोन पाय

सुकरीबाई मडावी टोपली हातात घेऊन बघत नाही, टोपलीवर चढून बघते. पोंभुर्ण्याच्या पुढे जंगलात तिचं चाळीस-पंचेचाळीस घरांचं गाव आहे आणि तिथल्या बायकांचा बांबूकामाचा गट आहे. गटात कुणाचीही टोपली पुरी झाली की ती आधी सुकरीबाईच्या अंगणात येते. सुकरीबाई ती पालथी घालते, चपला बाजूला काढते, दोन्ही पाय बुडावर ठेवून उभी राहते आणि गोंडीत सावकाश पाच आकडे मोजते. टोपली टिकली तर विकायला जाते, करकरली तर चुलीत जाते. बाई काही काडीपैलवान नाही. पन्नाशी उलटलेली, धान लावण्यात आणि मोह वेचण्यात मुरलेली, चांगली वजनदार बाई आहे. म्हणून टोपली दाखवायची तर सकाळी, बाईच्या पोटात काही जायच्या आधी, असं गटातल्या पोरी एकमेकींना बजावतात.

सुनेलाही तिने सोडलं नाही. दीपिका लग्न होऊन आली तेव्हा तिच्या पहिल्या तीन टोपल्या सासूने बुडातून फोडल्या. पोरगी रडत माहेरी निघाली होती. चौथी टिकली, आणि आज दीपिकाची वीण गटात सगळ्यात घट्ट आहे. हे सुकरीबाई तोंडाने कबूल करायची नाही, तो भाग वेगळा. एकदा जंगलातल्या एका रिसॉर्टचा मॅनेजर गावात आला होता. खोल्यांत ठेवायला टोपल्या हव्या होत्या, नुसत्या शोभेच्या, पातळ असल्या तरी चालतील म्हणाला. सुकरीबाईने त्याला बसायला खाट दिली, चहा दिला आणि सांगितलं की शोभेले माणूस चालते, टोपली नाई चालत. मॅनेजर चहा पिऊन गेला, तो परत आला नाही.

लोक म्हणतात हट्टी बाई आहे. आहेच हट्टी, पण हट्टालाही कारण असतं. सुकरीबाईच्या लग्नाला दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. तिची जाऊ सोनीबाई ओलं धान डोक्यावर घेऊन बांधावरून चालली होती आणि टोपलीचं बूड सुटलं. सोनीबाई धानासकट खालच्या बांधीत, धानाच्या खाचरात पडली. तिचा उजवा हात कोपरात मोडला, तो आजही सरळ होत नाही. ती टोपली सुकरीबाईने विणली होती. दिसायला इतकी देखणी होती की दारावरून जाणारी बाई थांबून बघायची. सोनीबाईने कधी शब्दाने दुखवलं नाही, पण ती डाव्या हाताने भात कालवायला लागली की सुकरीबाईची मान खाली जायची. तेव्हापासून ती चढते. स्वतःच्या टोपलीवर सगळ्यात आधी चढते.

तर अशी ही बाई गेल्या वर्षी विमानात बसून पोलंडला गेली. चंद्रपूरच्या एका संस्थेने बांबूकामाच्या प्रदर्शनासाठी चार बायका निवडल्या. शहराचं नाव क्राकुव. सोबत संस्थेच्या नीलिमा मॅडम होत्या, मनाच्या चांगल्या, पण जिथे तिथे ‘लोक काय म्हणतील’ हे आधी बघणाऱ्या. चौघींत कोरपन्याची खुशबू सगळ्यात लहान. तिला इंग्रजी बऱ्यापैकी समजायचं, म्हणून सुकरीबाईने विमानतळावरच तिचा हात धरला तो परत येईपर्यंत सोडला नाही. प्रदर्शन चार दिवस चाललं, माल सगळा गेला. पाचवा दिवस खरेदीचा होता.

इतर जणी मोठ्या चौकातल्या दुकानांत शिरल्या. फ्रिजवर लावायची चित्रं, लाकडी डब्या, पिवळ्या मण्यांच्या माळा, तिथल्या दंतकथेतल्या राक्षसाच्या हिरव्या बाहुल्या, जे दिसेल ते हातात घेऊन बघणं चाललं होतं. सुकरीबाईला त्यातलं काही नको होतं. गावच्या गटाने तिला एकच गोष्ट आणायला सांगितली होती, तिथल्या माणसांनी विणलेली टोपली. तिकडे बांबू नाही म्हणतात, मग ते बूड कसं बांधतात ते बघायचं होतं. खुशबू आणि मॅडमना घेऊन ती चार दुकानं फिरली, पाचव्यात छतापासून फरशीपर्यंत टोपल्याच टोपल्या टांगलेल्या होत्या. नदीकाठच्या झाडाच्या लवचिक फांद्यांच्या, गोल, लांबट, कडीच्या. दारावरची पाटी खुशबूने वाचली. सगळा माल इथल्याच कारागिरांनी हाताने विणलेला आहे, असं लिहिलं होतं.

सुकरीबाईने एक मोठी गोल टोपली उतरवली. वीण बघून तिचा चेहरा खुलला. मग, गावी जे करते तेच तिने केलं. ज्यात धान जायचं त्याला जोडा लावायचा नाही, म्हणून आधी उसने बूट काढून दाराशी ठेवले. टोपली पालथी घातली. खुशबू ‘मावशी’ म्हणेपर्यंत ती वर चढली होती. गोंडीतला दुसरा आकडा तोंडात होता आणि बूड गेलं. सुकरीबाईचा एक पाय गुडघ्यापर्यंत टोपलीत आणि दुसरा मोजा घातलेला पाय फरशीवर, अशी ती दुकानाच्या मधोमध उभी राहिली.

गल्ल्यामागून दुकानाची मालकीण धावत आली. हालिना तिचं नाव, साठीची, धिप्पाड. तिला बघून नीलिमा मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं, कारण प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळावर हीच बाई होती आणि पहिल्या दिवशी चौघींना फुलं हिनेच दिली होती. हालिना तावातावाने बोलली. दुकान आहे की कसरतीचा तंबू, असा त्याचा एकूण अर्थ. मॅडमनी मान डोलावली, हात जोडले, पाकीट काढलं.

सुकरीबाईने पाय सोडवला आणि ती तिथेच फरशीवर बसून मोडलेलं बूड बघू लागली. भरपाई द्यायला ती तयार होती. मोडलं ते आपल्या वजनाने मोडलं, त्याचे पैसे आपणच द्यायचे, यात तिला वाद नव्हता. पण हालिनाला पैशांचं पडलं नव्हतं, तिला माफी हवी होती. मॅडम वाकून सुकरीबाईच्या कानाशी लागल्या. एक शब्द सॉरी म्हणा, सुटलो आपण. नाही म्हणालात तर पुढच्या वर्षी आपल्याला कोणी बोलावणार नाही. संस्थेच्या चंद्रपूरच्या केंद्रात तुमचं शिकवण्याचं काम ठरत आलंय, तेही हातचं जाईल.

ते काम सुकरीबाईला हवं होतं, मनापासून हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी तिला खुर्चीवर बसवून ‘शिकवा’ म्हणणार होतं. पण शिकवायचं काय? टोपलीवर चढून बघा, हेच ना? टोपलीवर चढणं चूक होतं असं आज हात जोडून म्हटलं, तर दीपिकाच्या तीन टोपल्या कशासाठी फोडल्या? सोनीबाईच्या हातापुढे काय तोंड दाखवायचं?

“म्या नाई म्हणत,” ती म्हणाली.

मग तिने टोपली हालिनापुढे केली आणि बोटाने दाखवलं. बुडाच्या काड्या आरपार विणलेल्याच नव्हत्या. काठापाशी तोडून, तारेच्या बारीक पिना मारून चिकटवल्या होत्या. असं काम माणसाच्या हाताला सुचतच नाही, ते यंत्राचं. तिने एक पीन नखाने उचकटून हालिनाच्या तळहातावर ठेवली. हालिना पिनेकडे बघत राहिली. खुशबूने धीर करून दारावरच्या पाटीचं विचारलं, तेव्हा ती तुटक बोलली. माल गाडीतून येतो, कुठून येतो ते आपण विचारत नाही. मग तिचा आवाज पुन्हा चढला. ते काही असो, दुकान माझं आहे, या बाईने मला विचारलं का?

खुशबूने हे सांगितलं आणि सुकरीबाईने हातातली टोपली खाली ठेवली. बरोबर होतं ते. तिच्या अंगणात येऊन कुणी न विचारता तिच्या टोपलीवर चढलं असतं तर तिने त्याची तंगडी मोडली असती. ती उठली, मोज्यातल्या पायांनी हालिनासमोर उभी राहिली आणि तिने हात जोडले.

“विचारलं नाई, हे माह्यं चुकलं,” ती म्हणाली. “चढली, हे नाई चुकलं.”

मॅडमनी सुटकेचा श्वास टाकला आणि इंग्रजीत सांगितलं. हालिनाने मान हलवली, चेहरा जरा निवळला. मॅडम टोपली उचलायला वाकल्या, तोच सुकरीबाईने खुशबूकडे बघितलं. खुशबूने नजर चुकवली. सुकरीबाईला इंग्रजीचा एक शब्द कळत नव्हता, पण पोरीची नजर तिला कळत होती.

“मॅडम, अर्धंच सांगितलं तुमी. बाकीचं सांगा.”

मॅडम हळूच म्हणाल्या, झालं ना आता, मिटलं. सुकरीबाई दारापाशी गेली, तिने बूट हातात घेतले, पण घातले नाहीत. दारातच ठिय्या मारून बसली. बाकीचं सांगितल्याशिवाय ती उठणार नव्हती. विमान चुकलं तर चुकू दे म्हणाली. बाहेरची गिऱ्हाइकं काचेतून डोकावत होती. मॅडमचा चेहरा लाल झाला, डोळ्यांत पाणी आलं. शेवटी त्या हालिनाकडे वळल्या आणि खालच्या आवाजात त्यांनी राहिलेलं सांगितलं. टोपलीवर चढणं चूक नाही, असं ती म्हणते. त्यांच्याकडे टोपली अशीच बघतात. हिच्या हातची एक टोपली अशी न बघता गेली होती, त्यात हिच्या जावेचा हात गेला. सोनीबाईचं सांगा असं कुणी म्हटलं नव्हतं मॅडमना. ते विमानात खुशबूने सांगितलं होतं, आणि आता ते त्यांच्या तोंडून आपोआप निघून गेलं.

हालिनाने तळहातावरची पीन गल्ल्यावर ठेवली. मग भिंतीवरची दुसरी टोपली काढली, तसलीच मोठी, गोल. ती फरशीवर पालथी घातली. एका हाताने गल्ल्याचा आधार घेऊन तिने आपले जोडे काढले, एक, मग दुसरा, आणि ते नीट बाजूला ठेवले.

सुकरीबाई दारातून उठली. ही टोपली किती टिकेल ते तिला बघूनच कळलं होतं, म्हणून ती हालिनाच्या जवळ जाऊन उभी राहिली आणि तिला धरायला तिने आधीच दोन्ही हात पुढे केले.