दीड वर्ष अजिंक्य

खोटं वाटेल, पण एके काळी मी नाशिकच्या इंदिरानगरमधली अजिंक्य कराटेपटू होते. दीड वर्ष मला कुणी हरवलं नाही. डावा पाय लहानपणी पोलिओने गेलेला, त्यावर मांडीपासून टाचेपर्यंत कॅलिपर, म्हणजे दोन लोखंडी पट्ट्या, चामड्याचे चार पट्टे आणि शेवटी विटेएवढा जड बूट. अशा अवतारात मी भल्याभल्यांना लोळवत होते. इंजिनिअरिंगला असलेला एक सहा फुटी मुलगा तर माझ्या एका ठोशात ‘आई गं’ करून खाली बसायचा. मला त्याची दया यायची. एवढा उंच, पण बिचाऱ्यात दम नाही, असं मी घरी येऊन सांगायचे.

कराटेकडे मी वळले ती रागाच्या भरात. नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. कॉलेज रोडवरून चालले असताना मागून दोन मुलं माझ्या चालीची नक्कल करत येत होती. राग माझ्या नाकावरच असतो, आजही आहे. मी गर्रकन वळले आणि हातातली छत्री हाणली. ती लागली झाडाला आणि मी पडले रस्त्यावर. त्याच दोघांनी मला उचललं, ‘सॉरी ताई, लागलं का?’ म्हणत माझी पुस्तकं गोळा केली, वर रिक्षाही थांबवून दिली. अपमान करावा तर असा. त्या रिक्षात बसून मी ठरवलं, आता काहीतरी शिकायचंच.

खरं कारण मात्र त्याहून जुनं होतं. आमच्या कॉलनीत लगोरी असो, आंधळी कोशिंबीर असो, मी कायम लिंबूटिंबू. म्हणजे खेळायचं, पण आउट व्हायचं नाही. पळायचं, पण कुणी पकडायचं नाही. ज्याच्यावर राज्य असेल तो माझ्या शेजारून मी दिसतच नसल्यासारखा निघून जायचा. बाकीची पोरं वय वाढलं की त्यातून सुटतात. माझी मात्र तिथे कायमची नेमणूक झाली होती. मला जिंकायचं होतं असंही नाही हो. मला एकदा, फक्त एकदा, रीतसर आउट व्हायचं होतं.

घरी जाहीर केलं तेव्हा आई म्हणाली, “सरळ रस्त्यावर पडतेस, तिथे काय करणार आहेस?” वडील सातपूरला कंपनीत होते, पहिल्या पाळीहून येऊन आडवे झाले होते. ते डोळे न उघडता म्हणाले, “जाऊ दे तिला. निदान निम्मी भांडणं तरी बाहेर होतील.”

क्लास आमच्या घरापासून दहा मिनिटांवर, एका समाजमंदिराच्या हॉलमध्ये भरायचा. माझ्या पायाने वीस मिनिटं. सर दिवसा कंपनीत लेथवर काम करायचे आणि संध्याकाळी आमच्यावर. पहिल्याच दिवशी अडचण आली. कराटे अनवाणी करतात, आणि माझा बूट काढला की कॅलिपर निघतो आणि कॅलिपर निघाला की मी बसते. सर डोकं खाजवत राहिले. आईने मग गादीच्या पट्ट्यापट्ट्यांच्या कापडाची एक खोळ शिवून दिली, बुटावर चढवायला. पांढराशुभ्र ड्रेस आणि खाली एका पायात गादी. पहिल्या दिवशी आई सोबत आली होती. परत निघताना ती मला म्हणाली, “तू हो पुढे, मी जरा सरांना वेळ विचारून येते.” वेळ विचारायला तिला चांगली पंधरा मिनिटं लागली. मी बाहेर उभी राहून चिडत होते, पण मला शंका आली नाही. स्वतःच्या हुशारीवर माझा फार विश्वास होता.

डाव्या पायाने लाथ मारायला सरांनी मला सक्त मनाई केली होती. लोखंड लागलं तर समोरच्याची नडगी जायची. उजवी लाथ मारायला उजवा पाय उचलावा लागतो, आणि तो उचलला की मी त्याच्यामागे जमिनीकडे निघायचे. राहिले दोन हात आणि एक गळा. गळा मात्र अस्सल होता. ठोसा मारताना जोरात ओरडायचं असतं, ते मी असं ओरडायचे की शेजारच्या बंगल्यातला कुत्रा उत्तर द्यायचा. शुक्रवारी समोरासमोरची लढत असे. त्याला कुमिते म्हणतात. एकमेकांना वाकून नमस्कार करायचा आणि भिडायचं. मी ओरडत एक ठोसा मारायचे, समोरचा दोन पावलं मागे सरकायचा, पाय घसरून पडायचा. सर हात वर करून मला जिंकल्याचं सांगायचे. दर शुक्रवारी. पिवळा पट्टा मिळाला, मग नारिंगी मिळाला. एकाच्याही मनात येऊ नये की हा हॉल एवढा घसरडा कसा? माझ्या आलं नाही.

उलट मी चढले. नवीन मुलींना मी सल्ले द्यायला लागले. “भीती मनात असते गं, पायात नसते,” असं मी एकीला सांगितल्याचं आठवतं आणि अजून कान गरम होतात. सटाण्याला मावशीकडे लग्न होतं, तिथे हळदीच्या दिवशी मांडवात मी मनगट सोडवण्याचं प्रात्यक्षिक दिलं. मावशीचे यजमान कांद्याचे व्यापारी, हाताचा पंजा परातीएवढा. त्यांनी माझं मनगट धरलं, मी झटका दिला, त्यांनी सोडलं. “पोर जबर शे!” ते म्हणाले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हसून मान तुकवली. आता त्या मांडवाची आठवण आली की पांघरूण डोक्यावरून घ्यावंसं वाटतं.

मग ती आली. निफाडजवळच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी, माझ्याच वयाची, डी.एड. करायला नाशकात मामाकडे राहिलेली. द्राक्षाचे क्रेट उचलून उचलून खांदे घट्ट झालेले. पांढरा पट्टा बांधून तिला चारच दिवस झाले होते. शुक्रवारी सरांना यायला उशीर झाला, म्हणून त्या सहा फुटी मुलाने जोड्या लावल्या आणि तिला माझ्यासमोर उभं केलं. मी मनात म्हटलं, नवीन आहे, जरा सांभाळून घेऊ. आम्ही वाकलो. मी ओरडले. तिने माझ्या छातीखाली, पोटाच्या बरोबर वर, एक ठोसा घातला.

श्वासच गेला माझा. मी आडवी झाले, कॅलिपर फरशीवर आदळला, त्याचा आवाज हॉलभर झाला. आणि सगळे धावले. माझ्याकडे नाही, तिच्याकडे.

“अगं ए बाई, वेडी आहेस का?” सहा फुटी ओरडला. “तिला मारायचं नसतं! तिच्याशी आपण हरायचं असतं. तुला सांगितलं नाही का कुणी?”

ती गोंधळली. माझ्याकडे बघून म्हणाली, “ताई, लय लागलं का?” आणि मग त्याच्याकडे वळून म्हणाली, “मारायचं नाय, तर समोर उभं कशाला करता?”

फरशी गार होती. मी तिथेच पडून राहिले. दीड वर्षातले सगळे शुक्रवार माझ्या डोळ्यांसमोरून गेले, सगळे घसरलेले पाय, सगळी ‘आई गं’. सर आले, त्यांनी काय झालं ते पाहिलं आणि आधी त्या मुलीला झापायला सुरुवात केली. मी पडल्या पडल्या ओरडले, “तिला काही बोलू नका! तिचं काय चुकलं?” आवाज माझा तसा चांगलाच, म्हणून सर थांबले. मग खाली बसून हळू आवाजात म्हणाले, “तुझ्या आईंना शब्द दिलाय मी. पहिल्याच दिवशी. तुला कुणी पाडणार नाही म्हणून.”

“मग शब्द मोडा.”

“आईला दिलेला शब्द मी कसा मोडू? त्यांनी घेतलाय, त्यांनीच सोडायचा.”

घरी गेले तेव्हा आई मेथी निवडत बसली होती. मी दारातूनच सुरू झाले. सगळा क्लास मला हसत असेल, मी लग्नात जाऊन नाटकं केली, तू माझं माकड केलंस, असं तोंडाला येईल ते बोलले. आईने मान वर केली नाही.

“हसत नव्हते,” ती म्हणाली. “चांगल्या घरची मुलं आहेत ती.”

मी रडायलाच लागले. तेव्हा तिने मेथीची जुडी खाली ठेवली. “तू चालायला शिकत होतीस ना, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, पडली तर उचलायचं नाही, तिची तिला उठू दे. मी दाराआड उभी राहायचे. तू पडायचीस आणि मला हाका मारायचीस. मी यायचे नाही. तेवढं पुरे झालं मला. आता परत नाही बघवायचं.”

मला फार वाईट वाटलं. पण राग गेला नाही, हेही खरं. मी म्हटलं, “आई, मग आता हाका मारत नाहीये ना मी. मला एकदा खरं हरू दे.”

त्यानंतर चार दिवस आम्ही दोघी वडिलांमार्फत बोलत होतो. “तिला सांगा, जेवायला वाढलंय.” “तिला सांगा, मला भूक नाही.” वडील मध्ये बसून आमटी-भात जेवत राहिले आणि कुणालाच काही सांगितलं नाही. पाचव्या दिवशी संध्याकाळी आई बाहेरची साडी नेसून दारात उभी राहिली. “चल,” म्हणाली. “पण शुक्रवारी मी येऊन बसणार. माझ्यासमोर काय व्हायचं ते होऊ दे.”

तिने सरांपुढे शब्द सोडला. मीही मोठ्या तोऱ्यात नारिंगी पट्टा सोडायला गेले. गाठ सुटेना. शेवटी दोन मुलींनी दातांनी सोडवली, आणि मी पुन्हा पांढरा पट्टा बांधला. पहिला महिना सरांनी मला फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीला लावायची, उजव्या कुशीवर जायचं, तळहात फरशीवर आपटायचा, मग लोखंडी पाय खाली ओढून घेऊन उठायचं. उठायला मला इतका वेळ लागायचा, की तेवढ्यात शेजारच्या जोडीची लढत संपायची.

मग शुक्रवार सुरू झाले. निफाडची मुलगी मला दर आठवड्याला पाडायची. सहा फुटीही पाडायला लागला, आणि बऱ्यापैकी दम होता हो त्याच्यात. आई कोपऱ्यात खुर्चीवर पिशवीभर मटार घेऊन सोलत बसायची. मी पडले की तिचा हात थांबायचा, ओठ घट्ट मिटायचे, पण ती जागची उठली नाही. शनिवारच्या भातात मात्र सालं निघायची. वडील ती निमूट ताटाबाहेर काढून ठेवायचे.

असे चार-पाच महिने गेले. किती वेळा हरले त्याला गणती नाही. हरायचं मला फार अप्रूप होतं म्हणाले ना, ते पहिल्या दोन शुक्रवारांतच फिटलं. तिसऱ्यापासून संताप यायला लागला.

त्या शुक्रवारी निफाडची पुढे आली तेव्हा मी ओरडलेच नाही. ओरडायचं विसरले, हे खरं. तिने ठोसा टाकला, मी डाव्या पायावर, त्या लोखंडी खांबावर, सगळा भार टाकून फिरले. तो पाय कधी वाकत नाही, तो दिवस त्याचा होता. माझा उजवा हात सुटला आणि तिच्या तोंडावर बसला. तोंडावर मारायचं नसतं, तो नियमभंगच होता. पण ती पडली. खरीखुरी, गुडघ्यावर, मग बुडावर. तिच्या ओठातून रक्त आलं.

आईच्या मांडीवरची पिशवी पडली, मटार सगळीकडे पसरले. आई धावत आली. मी हात पुढे केला, मला वाटलं माझ्याकडे येतेय. ती माझ्या शेजारून सरळ पुढे गेली, त्या मुलीपाशी गुडघे टेकून बसली आणि पदराने तिचा ओठ टिपायला लागली.

“काकू, नाय लागलं एवढं,” ती मुलगी हसत होती.

“तू गप बस.” आणि मग आई माझ्याकडे वळली. डोळे असे वटारलेले, की मी एक पाऊल मागे सरकले. “एवढ्या जोरात मारतात का गं कुणाला? लाज नाही वाटत? दुसऱ्याच्या लेकराला काही झालं असतं म्हणजे? माग आधी तिची माफी. माग म्हणते ना!”

जन्मात पहिल्यांदा मी कुणाला तरी लागेल असं केलं म्हणून आई मला रागावत होती. सगळ्या हॉलसमोर, अगदी मनापासून. मी माफी मागितली. हसू आवरत नव्हतं, म्हणून आईने मला दुसऱ्यांदा मागायला लावली.