सोजरबाईचा लिंब आणि माझी तार

प्रिय इरा आणि नील,

अहमदाबादचं घर सोडलं त्या सकाळी मी एकूणएक खोक्यावर क्रमांक घातला होता आणि कोणत्या खोक्यात काय, याची यादी पर्समध्ये होती. रेडिओसंच मात्र कोणत्याच खोक्यात नव्हता. तो मी दिवसभर गाडीत मांडीवर घेऊन बसले. आजोबा पुढच्या सीटवरून अधूनमधून विचारत होते, बाळ झोपलं का?

आजोबा आपल्या गावी, नेकनूरला, परत चालले होते. मी मात्र नागपूरची. नेकनूरला लग्नाकार्यापुरती येणारी सून. माझी आई म्हणायची, घर नंतर लाव, आधी शेजार लाव. मी आल्या आल्या खोकी लावली.

मी नोकरीत नेमकं काय करायचे, असं तुम्ही नेहमी विचारता. जमिनीपासून शंभर किलोमीटर आणि त्याहून वर उन्हानं हवेचे कण फुटतात आणि विजेनं भारलेला एक थर तयार होतो. त्याला आयनांबर म्हणतात. रेडिओच्या लघुलहरी तिथून वळून खाली येतात, म्हणून त्या समुद्रापलीकडेही ऐकू जातात. आम्ही प्रयोगशाळेतून दर पंधरा मिनिटांनी वर लहरी सोडायचो आणि प्रतिध्वनी किती वेळानं परतला, ते फिल्मवर वाचायचो. दुपारी तो थर फुगलेला दिसायचा, पहाटे विरळ. त्या फिल्मा वाचण्यात माझं तारुण्य गेलं, आणि फार मजेत गेलं. निवृत्त झाल्यावर हौशी रेडिओचा परवाना काढला आणि त्याच थराच्या भरवशावर जगाशी बोलू लागले.

नेकनूरला संचाच्या लहरी सोडणाऱ्या आणि पकडणाऱ्या लांब तारेचं एक टोक गच्चीवर बांधलं. दुसऱ्यासाठी उंच जागा एकच होती, बांधापलीकडचा सोजरबाईचा कडुलिंब. सोजरबाई उभा जन्म मेंढरांमागं हिंडलेली, आता मुलाच्या शेतात स्थिरावलेली. मी आजोबांकरवी निरोप धाडला. उलट निरोप आला की तारेनं ढग फाटतात, झाड मिळणार नाही. डोंगरावर पवनचक्क्या आल्यापासून, पाऊस आला नाही की पात्यांनी ढग पळवले, असंच काहीबाही लोक बोलतात.

मग मी स्वतः गेले, वहीत आकृती काढून. ढग कुठं, माझा थर कुठं, लहर त्यावर आदळून कशी परत येते, सगळं नीट समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी आभाळाला धक्का लागतोच की, म्याडम."

आजोबांना हसू आवरेना. मला मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की आपण चुकीच्या जागी आलो. मी त्यांना स्पष्ट सांगितलं, दिवाळीपर्यंत तार चढली नाही तर मी अहमदाबादला परत जाणार. त्यांचं हसणं थांबलं.

दसऱ्याच्या सुमाराला एका दुपारी सोजरबाई बांधावर उभी राहून मुलाला हाळी देत होती. मुलगा शेळ्या घेऊन टेकडीमागं गेलेला, आणि ही तोंड करून उभी भलत्याच बाजूला, समोरच्या कड्याकडे. मी विचारलं, तो तर तिकडे आहे ना?

"त्यो टेकाडाच्या आड हाय. सरळ हाळी दिली तर टेकाडच गिळतंय. म्होरल्या कड्यावर मारली की बराबर त्याच्या डोक्यावर पडती."

खरंच टेकडीमागून ओ आली. मी तिचा हात धरला आणि म्हणाले, सोजरबाई, मीही हेच करते हो, फक्त माझा कडा वर आहे. तिनं वर पाहिलं, मग कड्याकडे, मग पुन्हा वर.

"हाळीनं कडा कधी पडला न्हाई," ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मंग आभाळ कशानं फाटंल?" आणि लगेच माझ्याकडे वळून, "पर एवढी वर्सं आभाळाला हाळ्या मारल्यास, आन् बांधावरल्या शेजारणीला निरोप धाडतीस व्हय गं?"

त्या 'गं'नंतर मी पुन्हा म्याडम झाले नाही.

दुसऱ्या दिवशी तिच्या मुलानंच तार चढवली. अट एकच, शेळ्यांचा पाला मोडायचा नाही. दुपारी ती स्वतः येऊन संचाशेजारी बसली. मी कुणा एकाचं नाव न घेता सगळ्या जगाला हाळी देते, हे तिला मुळीच पटलं नाही. अशानं कोण ओ देईल? पण खरखरीतून ताश्कंदचा एक माणूस बोलला. माझा आवाज स्वच्छ येतोय म्हणाला आणि त्यानं माझं ठिकाण विचारलं. आजवर या प्रश्नाला मी अहमदाबादच म्हणत आले होते. आम्ही गावाचं नाव एकेका इंग्रजी अक्षराला एकेक शब्द लावून सांगतो. विचार करायच्या आधीच तोंडातून निघालं: नोव्हेंबर, इको, किलो, नोव्हेंबर, युनिफॉर्म, रोमिओ. नेकनूर.

सोजरबाईनं माझा दंड हलवला.

"किलोनं काय इकलंस गं त्याला?"

काही नाही, मी म्हणाले, माझं गाव सांगितलं.

तुमची,
आजी