भरल्या ताटावर वणवा

गेल्याच्या गेल्या उन्हाळ्यात लातूरचे पाहुणे आमचं घर बघायला आले आणि नेमक्या त्याच दुपारी मागच्या जंगलाने पेट घेतला. अख्खा उन्हाळा मोकळा पडला होता, पण वणव्यालाही आमच्याकडचं पुरण खायचं असावं.

घर बघण्याची रीत अशी, की मुलगा आधी मुलीला बघून येतो, पसंती कळवतो, आणि मग मुलीकडची वडीलधारी मंडळी मुलाच्या घरी येतात. घर बघतात, शेत बघतात, विहिरीत डोकावतात आणि या सगळ्याच्या आडून सासूला बघून घेतात. आमचं घर इस्लापूरपासून थोडं आत, गावाबाहेर शेतातच आहे. परसात माझी बाग, बागेला बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण, कुंपणामागे कोरडा नाला आणि नाल्यापलीकडे सागाचं जंगल. आमचा मुलगा शिकलेला, निर्व्यसनी, पण शेती करतो. नोकरी नाही, नांदेडला फ्लॅट नाही. आधीची तीन स्थळं याच अंगणात चहा पिऊन गेली ती गेलीच. त्यातल्या एका बाईंनी जाता जाता विचारलं होतं, की इथं रात्रीची भीती वाटत नाही का. मी म्हणाले, जनावरांना वाटते, मी आहे म्हणून. माझी जीभ ही अशी.

लातूरच्या मुलीला बघून आल्यापासून मात्र आमचा मुलगा रोज दाढी करायला लागला. त्याआधी त्याची दाढी पोळ्याला एकदा आणि दिवाळीला एकदा व्हायची. तोंडाने तो काही बोलला नाही. हे स्थळ मोडलं असतं तरी काही बोलला नसता, आणि तेच मला सोसवलं नसतं. म्हणून मी पदर खोचला. घराला चुना दिला, बागेतलं पान न् पान धुतलं आणि घरात सगळ्यांना बजावून ठेवलं, की मोहफुलांच्या दिवसांत इकडे अस्वल फिरतं हे बोलायचं नाही, फोनला रेंज मिळत नाही हे बोलायचं नाही, आणि मालकांनी तर शक्यतो तोंडच उघडायचं नाही. मालक म्हणजे माझा नवरा. मनात आलेलं लपवणं त्यांना जन्मात जमलेलं नाही.

पाहुणे तिघं आले. मुलीचे वडील खत-बियाण्याच्या दुकानाचे मालक, पांढरेशुभ्र कपडे, बोलणं मोजकं. त्यांची बहीण, म्हणजे मुलीची आत्या, अंगापिंडाने भक्कम, आणि नजर अशी की डबा न उघडता आतलं पीठ ओळखावं. तिसरा मुलीचा मामा. त्याने नवी गाडी घेतली होती आणि त्याचा जीव सगळा गाडीत होता.

वडिलांनी पहिला प्रश्न पाण्याचा केला. लातूरचा माणूस दुसरं काय विचारणार? ते विहिरीच्या कठड्यावर वाकले आणि देवदर्शनाला आल्यासारखे कितीतरी वेळ आत बघत राहिले. आत्याबाई बागेत शिरल्या. लिंबू हुंगलं, मोगऱ्याच्या कळ्या ओंजळीत धरल्या, शेवग्याच्या शेंगा वाकवून बघितल्या. हे सगळं तुम्ही एकटीनं केलं का, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी हो म्हणाले. पाणी मुलगा घालतो, पण ते त्याने सांगावं.

सगळं इतकं छान चाललं होतं की मलाच भीती वाटायला लागली. ओसरीत मालकांनी नवी कोरी सतरंजी अंथरली. पुरणपोळी, येसराची आमटी, कुरडया, भजी, कैरीची चटणी. पाहुण्यांचे दोन घास पोटात गेले असतील नसतील, मी खरकटं पाणी टाकायला मागचं दार उघडलं, आणि नाल्यापलीकडून लाह्या फुटाव्यात तसा आवाज आला. सागाचा वाळका पाला पेटला होता. वर धूर, खाली ज्वाळांची लांबच लांब ओळ, आणि वारा सरळ आमच्या तोंडावर. मोहफुलं वेचताना दिसावीत म्हणून झाडाखालचा पाला जाळतात, त्यातलीच एखादी आग सुटली असेल, नाहीतर कुणी विडी टाकली असेल. वणव्याचा बाप कधी सापडत नाही.

मी ओसरीत येऊन मालकांच्या कानात सांगितलं. ते तूप वाढत होते. तुपाची धार जराही हलली नाही. हळूच म्हणाले, "पाहुण्याला भरल्या ताटावरून उठवायचं न्हाई. पोराला धाड." आणि मोठ्याने पाहुण्यांना अजून एका पोळीचा आग्रह करायला लागले.

भरल्या ताटावरून पाहुणा उठवणं आमच्या सासऱ्यांच्या लेखी पाप होतं, आणि मालक त्यांचेच चिरंजीव. मीही ऐकलं, पण माझं कारण वेगळं होतं. त्यांना रीत दिसत होती, मला चौथं स्थळ माघारी फिरताना दिसत होतं. आमच्या दोघांचं एकमत व्हायला घरामागे वणवा लागावा लागतो.

मग एकेक माणूस ओसरीतून कमी व्हायला लागलं. मुलाला मी दही आणायला पाठवलं, तो गेला तो गेलाच. जावेला पापड तळायला पाठवलं, तिने गोठ्यातली गुरं सोडून रस्त्याकडे हाकलली आणि तशीच नाल्याकडे धावली. दिराला सुपारी आणायला पाठवलं. कधी सुपारीचं खांडही न खाणारा तो माणूस बावळटासारखा माझ्याकडे बघत राहिला, तेव्हा मी डोळे वटारले. शेवटी तिघा पाहुण्यांना वाढायला उरलो मी आणि मालक.

माझी काय तारांबळ उडाली ते माझं मला ठाऊक. मागे जायचं, करंजाच्या ओल्या फांदीने गवतावरची आग झोडपायची, हात पुसायचे, पदर सारखा करायचा आणि हसत येऊन पोळी वाढायची. परत मागे. आग नाल्यात उतरली होती. नाला कोरडा, त्यात गुडघाभर वाळलेलं गवत. आमच्या दोन्ही अंगांना नांगरलेलं रान होतं, तिथे तिला खायला काही नव्हतं, म्हणून ती सगळी मधून, कुंपणाच्या रोखाने येत होती. कुंपणाला लागून कडब्याची गंजी, गंजीला लागून माझी लिंबोणी, आणि लिंबोणीपासून घराचं छप्पर हाताच्या अंतरावर. मुलगा विहिरीवरची मोटार चालू करायला धावला आणि त्याच वेळी लाइट गेली. ओसरीतला पंखा थांबला. इतका वेळ पंख्याने परतवलेला धूर आत येऊन ताटांवर बसला.

"शेताच्या धुऱ्यावरचं गवत जाळून राहिलंय कुणीतरी," मालक म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलत होते, घाम फुटला होता.

आत्याबाई मात्र नुकत्याच वाढलेल्या पोळीकडे बघत होत्या. पोळीवर माझा अंगठा उमटला होता, काळाकुट्ट. त्यांनी पोळी बघितली, माझ्या केसातली राख बघितली.

"विहीणबाई," त्या म्हणाल्या, "नवरदेव दही आणायला गेला का म्हैस इकत घ्यायला?"

विहीणबाई म्हणाल्या! त्या धुरातही माझ्या कानाने ते बरोबर टिपलं. पण हरखायला सवड कुठली? त्या ताटावरून उठल्या, तरातरा मागच्या दाराशी गेल्या आणि दार सताड उघडलं. समोर कुंपणाने पेट घेतला होता. आत्याबाईंनी पदर कमरेला खोचला, परत ओसरीत आल्या, भावाला एका शब्दात "उठा" म्हणाल्या आणि त्यांच्या बुडाखालची सतरंजी ओढली. माझी नवी कोरी सतरंजी त्यांनी हौदात बुचकळली आणि ती फरफटत त्या सरळ आगीकडे निघाल्या. मी पण मागे. आता कसलं लपवायचं.

मामाने सगळ्यात आधी गाडी रस्त्यावर नेली. मी मनात दोन शिव्या दिल्या, पण त्या परत घ्याव्या लागल्या, कारण तो गावात जाऊन गाडी भरून माणसं घेऊन आला. मुलीच्या वडिलांनी आम्हाला हौदातलं पाणी बादलीने ज्वाळांवर फेकताना बघितलं आणि त्यांच्या जिवाचं पाणी पाणी झालं. असं सांडू नका, असं ओरडत ते गोठ्यात घुसले आणि फवारणीचा पंप घेऊन बाहेर आले. हौदातलं पाणी भरून तो त्यांनी पाठीला लावला. पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर पंप, एका हाताने दांडा मारतायत, दुसऱ्या हाताने कुंपणाच्या बुडाशी नेमकी धार सोडतायत. एक थेंब वाया घालवत नव्हते. मुलाने काट्यांत दोरी अडकवली, चार माणसांनी दोरी धरली आणि पेटलेलं कुंपण फरफटत नांगरटीत ओढून टाकलं. जाऊ, मी आणि गावातल्या दोघीतिघी बायका ओळीने उभ्या राहून उरलेलं गवत झोडपत होतो. हात भाजत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि खरं सांगते, त्या क्षणी मला इतकं जिवंत वाटत होतं की लाज वाटावी. आगीला मी तोंडाने शिव्या देत होते. पाहुण्यांसमोर!

गंजीच्या कोपऱ्याने पेट घेतलाच. मुलगा वर चढला आणि पेटत्या पेंढ्या उचलून खाली भिरकावायला लागला. मी खाली उतर, खाली उतर म्हणून घसा फोडत होते. आत्याबाई खालून ओली सतरंजी पेंढ्यांवर टाकून तुडवत होत्या. वडिलांनी पंपाची धार मुलाच्या पायांभोवती धरली होती. ती त्यांनी मुलगा खाली येईपर्यंत हलवली नाही.

मग आग दमली. नाल्यातलं गवत संपलं, पुढे काळी नांगरट, जायला जागा नाही. तिथेच धुमसत राहिली आणि विझली.

मी बागेत फिरले. केळीची पानं करपून लोंबत होती. लिंबोणीची एक बाजू तांबडी पडली होती. मोगऱ्यावर राखेचा थर होता, झटकला तर खाली हिरवागार. शेवगा, जास्वंद, कढीपत्ता, सगळे आपापल्या जागी. घराच्या नव्या चुन्यावर काजळी धरली होती, पण घर उभं होतं. मी शेवग्याच्या बुंध्याला धरून ओक्साबोक्शी रडले. आनंदानेच, पण बघणाऱ्याला कसं कळणार.

सगळे हौदाजवळ बसले. तोंडं अशी काळी की व्याही कोण आणि दीर कोण ओळखू येईना. मुलीच्या वडिलांनी पंप उतरवला.

"आग लागली ह्याचं मला काही न्हाई," ते म्हणाले. "आग कुठंबी लागती. पण तुम्ही आमाला घास भरवत बसलात, हे बरं न्हाई केलं. आमाला काय हात न्हाईत का?"

मालकांचा चेहरा पडला. आणि मग त्यांचा बांध फुटला. मी बाही ओढली, पाय दाबला, काही उपयोग नाही. आता लपवत न्हाई म्हणाले, आणि सुरू झाले. अस्वल येतं. पावसाळ्यात साप निघतात. रात्रीची लाइट भरवशाची नाही. फोनला रेंज म्हणाल तर फक्त विहिरीच्या कठड्यावर, तीही उभं राहिलं तर. एवढ्यावर थांबतील तर ते मालक कसले? माझ्याकडे हात करून म्हणाले, की ही मनाची चांगली आहे पण तोंडाने फटकळ आहे, तेही आत्ताच सांगून ठेवतो. मला त्या क्षणी विझलेली आग बरी वाटली.

मुलीच्या वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. "पोरीला इचारतो," एवढंच म्हणाले आणि विहिरीच्या कठड्यावर जाऊन उभे राहिले.

लांबून आम्हाला शब्द ऐकू येत नव्हते, नुसते हातवारे दिसत होते. त्यांनी जंगलाकडे हात केला. मग नाल्याकडे, घराकडे. मग अस्वल असावं, कारण दोन्ही हात वर करून दाखवलं. आत्याबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. मुलगा पाठ करून दोरी गुंडाळत होता. गुंडाळून झाली की सोडत होता आणि परत गुंडाळत होता. त्याच्या भुवया जळल्या होत्या. पोरगी नाही म्हणाली तर याच्या तोंडाकडे मी कसं बघणार, एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

ते परत आले. आधी पाणी मागितलं. लातूरकर पाणी पितो ते घोट घोट, आणि इकडे माझा जीव टांगलेला.

"सगळं सांगितलं," ते शेवटी म्हणाले. "आगीचं, अस्वलाचं, काहीबी ठेवलं न्हाई. तिनं एकच इचारलं. आग इझवायला बाया होत्या का? म्हणलं, सगळ्यात म्होरं त्याच होत्या. तर म्हणती, मंग ही माणसं मला आत बसवून ठेवायची न्हाईत. व्हय म्हणून सांगा."

मुलाच्या हातातली दोरी खाली पडली. मालक देवाला हात जोडायचे तर पाहुण्यांनाच जोडून बसले. मी साखर आणायला आत पळाले. रोजचा डबा, रोजची फळी, पण डोळे इतके भरले होते की तो सापडेना. सापडला तेव्हा मी त्यात सरळ मूठ घातली. हात काळे होते, साखर काळी झाली. तीच आधी आत्याबाईंच्या तोंडात घातली.