आज त्यांचं दार उघडत न्हाय

शुक्रवारी संध्याकाळी बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं. वेळ पक्की लक्षात आहे, कारण शब्बाथचे दिवे लावायला मी काडी ओढली आणि फोन वाजला. ठाण्याहून वन्संचा. वन्सं म्हणजे ह्यांची थोरली बहीण, रिबेका. उमरग्यातच वाढल्या, पण लग्न करून ठाण्याला गेल्या त्या आमच्या या घरी कधी आल्या नाहीत.

"दिवाळीनंतर मिरूला माझ्याकडे पाठव," वन्सं म्हणाल्या. "सात वर्षांची झाली पोर. तिथे राहून तिला आपला धर्म काय कळणार? ना सिनेगॉग, ना आपली माणसं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. उमरग्यात किती आहेत?"

"एक," मी म्हटलं. "आणि तोही तेलानं माखलेला!"

वन्सं हसल्या नाहीत. हातातली काडी बोटापर्यंत जळत आली होती.

आम्ही यहुदी. बेने इस्राएल. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी चांदण्या दिसेपर्यंत आमचा शब्बाथ, विश्रांतीचा दिवस. कोकणात आमच्या पूर्वजांचे तेलाचे घाणे होते आणि ते शनिवारी बंद असायचे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणायचे. माझे सासरे नोकरीला म्हणून उमरग्याला आले ते इथलेच झाले. ह्यांनी हायवेजवळ लाकडी घाणा टाकला. करडई, शेंगदाणा, जवस. आणि शनिवारी बंद! अख्ख्या गावात आमच्या धर्माचं आमचं एकच घर.

मी अलिबागकडची, सातवी शिकलेली आणि स्वभावानं भित्री. मिरूची रिक्षा पाच मिनिटं उशिरा आली तरी मी हायवेपर्यंत जाऊन उभी राहते. पोर ठाण्याला गेली तर माझं काय, ही एक भीती. आणि इथं राहून तिला खरंच काही कळलं नाही तर दोष कुणाचा, ही दुसरी. ही दुसरी जास्त वाईट.

"ताई म्हणते त्यात चूक काय?" हे म्हणाले.

मी दुसरी काडी ओढली. "त्यांना दारफळणीच्या सणाला बोलवा. इथं काय आहे ते डोळ्यांनी बघू द्या. मग बोला म्हणावं."

दिवे लावले, डोळ्यांवर हात ठेवले, पण प्रार्थना सुचेना. डोक्यात एकेक किस्सा यायला लागला. घाण्याचं तेल निवळायला ठेवलं की गाळ खाली बसतो, तसे हे किस्से इतक्या वर्षांत तळाशी बसलेत. गाळ आम्ही म्हशीला घालतो. हे किस्से कुणाला घालू? तुम्हीच ऐका.

*

आमच्या दाराच्या चौकटीवर मेझुझा आहे. बोटभर लांब डबी, आत देवाचं वचन. येता-जाता तिला बोटं लावून ओठांना लावायची. घरात शिरताना रस्त्यावरचा राग बाहेर राहतो, असं सासूबाई सांगायच्या.

एकदा कुरिअरवाला आला. मी मागं भांडी घासत होते. बऱ्याच वेळानं दार उघडलं तर हा ती डबी दाबून दाबून घामाघूम!

"ताई, तुमची बेल खराब हाय. कवाधरनं दाबतोय."

"खराब नाही. ती वर वाजते."

त्यानं वर बघितलं. वर नुसते पत्रे. "वर कोन ऱ्हातंय?"

मिरू आतून ओरडली, "देव!"

त्यानं पाकीट माझ्या हातात दिलं. "बरं. सही तुमीच करा मग!"

*

आमच्यात जनावर कापायची ठराविक रीत आहे आणि ती शिकलेला माणूस इथं कुणी नाही. त्यामुळं घरात मटण शिजतच नाही. यावरून गल्लीनं ठरवून टाकलं, हे लोक माळकरी! आम्हीही कुणाला कितींदा समजावणार?

एक दिवस नव्यानं राहायला आलेल्या बाई नवऱ्याला हाताला धरून घेऊन आल्या. ह्यांच्यापुढं उभं केलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी इतकी वर्सं मन ताब्यात ठिवलंय. ह्यांनाबी तेवढी माळ घाला. दर बुधवारी मटण लागतंय ह्यांना!"

आमच्या ह्यांचं मन किती ताब्यात आहे ते मला ठाऊक! ठाण्यात कुणाचं लग्न असलं की आधी जेवण कोणाकडं आहे ते विचारतात. तरी इथं शिस्त मोडत नाहीत. ह्यांनी त्या नवऱ्याकडं बघितलं. डोळ्यांत पाणी यायचं बाकी होतं.

"दर बुधवारी?" हे म्हणाले. "वहिनी, माळ ऱ्हाऊ द्या. तुमी मला आमच्या रीतीनं बोकड कापनारा हुडकून द्या!"

*

एका शनिवारी घाण्यापुढं मोटार थांबली. मालक उतरले, शटर वाजवलं. घर घाण्याला लागूनच, म्हणून हे बाहेर गेले.

"पाच डबे करडई पायजे. आत्ता!"

"आज बंद असतंय. उद्या या."

"शनिवारी तुमचा देव घाणा बंद हाय का न्हाय ते बघायला येतो व्हय?"

"घाणा बघायला न्हाय," हे म्हणाले. "मला भेटायला येतो. बाकीचं सहा दिवस ह्या मशिनीच्या आवाजात दोघांनाबी एकमेकांचं ऐकू येत न्हाय."

गिऱ्हाईक तणतणत गेलं. मी आत बसून नखं खाल्ली. मोठं गिऱ्हाईक, परत कशाला येतंय! पण रविवारी सकाळी मोटार हजर. डबे भरून झाले तरी मालक हलेनात. शेवटी हळूच म्हणाले, "माझं हार्डवेअरचं दुकान हाय. कंच्या वारी बंद ठिवू म्हणता?"

*

शनिवारी शाळा सकाळची असते. शाळा बुडवायची नाही हे माझं म्हणणं. शब्बाथला ओझं उचलायचं नाही, लिहायचं नाही ही आमची रीत. मग मिरू दप्तर शुक्रवारी वर्गातच ठेवून येते आणि शनिवारी हात हलवत शाळेत जाते.

नव्या बाईंनी एका शनिवारी तिला उभं केलं. "लिहीत का नाहीस? हात दुखतो का?"

"न्हाय बाई. हात सुट्टीवर हाय."

"आणि तोंड?"

"तोंडाला सुट्टी न्हाय!"

"मग सतराचा पाढा म्हण."

मिरूनं म्हटला. बाईंना ही कल्पना एवढी आवडली की त्या दिवसापासून शनिवारी सगळ्या वर्गाचंच तोंडी! पाढे, कविता, गोष्टी. वही नाही, पेन्सिल नाही. शाळेत जायचं म्हटलं की मी चार कारणं शोधते, पण पालकसभेला जावंच लागलं. तिथं एक आई मला शोधत आली.

"तुमीच मिरूच्या आई? आमचा पोरगा जेवत न्हाय बघा. म्हनतो, मला शनिवारपुरता यहुदी करा!"

*

आमचे पूर्वज मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, गुलाम होते. सुटका झाली तेव्हा एवढ्या घाईत निघाले की पीठ आंबायलाही वेळ मिळाला नाही. म्हणून वल्हांडणाच्या सणात आम्ही आंबवलेलं काही खात नाही. गव्हाच्या पिठात पाणी पडलं की झरझर मळायचं, लाटायचं, भाजायचं. मधे थांबायचं नाही. ठाण्यात या रोट्या परदेशातून पाकिटात येतात. आमच्या तव्यावरून ताटात येतात!

समोरच्या शकुंतलाकाकू त्याच वेळी गप्पा मारायला आल्या. काकूंची शेती आहे, सुना आहेत, आणि गल्लीतली एकही गोष्ट त्यांना विचारल्याशिवाय होत नाही. मी एका हातानं लाटतेय, दुसऱ्यानं उलटतेय. मान वर करायला सवड नाही. काकूंना ते सहन होईना.

"अगं, बस की जरा! कसली एवढी घाई? देव काय पळून चाललाय व्हय?"

"देव न्हाय काकू," मी म्हटलं. "आमीच पळून चाललोय!"

काकूंनी सगळी कहाणी ऐकून घेतली. मग पदर खोचला आणि पोळपाट माझ्याकडून ओढून घेतला. "सर बाजूला. एवढी मानसं पळायची हायेत अन् तू एकटी कवा लाटनार?"

*

आता दारफळणीचं सांगते, म्हणजे शेवटचं नीट कळेल.

हा आमचा सगळ्यात मोठा उपास. सूर्य मावळला की दार लावायचं ते दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत उघडायचं नाही. पांढरे कपडे घालायचे. अन्न नाही, पाण्याचा थेंब नाही, बाहेरच्या कुणाशी बोलणं नाही, कुणाला शिवणं नाही. वर्षभर आपण काय काय केलं ते देवापुढं बसून आठवायचं. आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण. त्या दिवशी घरोघरी जायचं, गोडधोड द्यायचं.

आमचाही महिना चंद्राचाच. त्यामुळं काही वर्षी मागंपुढं होतं, पण बऱ्याचदा दारफळणी येते नेमकी दसऱ्याला!

लग्नानंतर आम्ही या गल्लीत राहायला आलो तेव्हा हे कुणालाच माहीत नव्हतं. पहिल्या दसऱ्याला काकू सुनांना घेऊन आपट्याची पानं द्यायला आल्या. कडी वाजवली. आम्ही आत चिडीचूप. परत वाजवली. मी नवी नवरी, ह्यांच्या मागं लपलेली. बाहेर काकूंचा आवाज चढला, "दसऱ्याचं सोनं नाकारनारी मानसं जन्मात पयल्यांदा बघितली!"

दुसऱ्या दिवशी भोपळ्याच्या घाऱ्यांचा डबा घेऊन मी एकटी काकूंच्या दारात गेले. काकू तोंड फिरवून बसलेल्या. मी म्हटलं, "काकू, काल देवापुढं बसलो होतो, उठता येत नव्हतं. कालचं सोनं द्या."

"शिळं सोनं चालतंय व्हय तुमच्यात?"

"सोनं कधी शिळं होतं का काकू?"

काकूंनी माझ्याकडं निरखून बघितलं. घारीचा एक तुकडा मोडून तोंडात टाकला. "भित्री दिसतीस खरी," म्हणाल्या, "पन हायस न्हाय!"

*

आता यंदाचं.

यंदाही दसरा आणि दारफळणी एकाच दिवशी. वन्सं आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचणार होत्या. चार वाजले, पाच वाजले. फोन लागेना. सूर्य मावळला आणि ह्यांनी दार लावलं. वन्सं वाटेतच! रात्रभर माझ्या डोळ्यांपुढं नको नको ते.

सकाळी गल्लीत बॅगेची चाकं खडखडली. मी दाराला कान लावला.

"कोन पायजे?" काकूंचा आवाज, समोरच्या ओट्यावरून.

"इथलेच, घाणेवाले. मी त्यांची बहीण, ठाण्याहून आले. काल बस बंद पडली."

"आज त्यांचं दार उघडत न्हाय."

"माहीत आहे मला. मीही यहुदीच आहे."

"मग तर तुमाला ठाऊक पायजे!" काकू कडाडल्या. "दारफळणीच्या दिशी बॅग घिऊन कुनी हिंडतंय व्हय?"

मिरूनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं. हे कडीजवळ पोचले होते, ते तिथंच थांबले. बाहेर बॅग खाली टेकल्याचा आवाज आला.

"बरोबर आहे तुमचं," वन्सं म्हणाल्या.

"या, ओट्यावर बसा. च्या टाकते... नगं, उपास असंल तुमचा. पानीबी चालत न्हाय ना?"

"नाही."

"मग मीबी आत जाऊन पिते. तुमच्या म्होरं नगं."

मी भिंतीला टेकून खाली बसले. संपलं! स्वतःच्या भावाच्या दारात अपमान. आता वन्सं पोरीला घेऊनच जाणार. देवापुढं वर्षभराचं आठवायचं सोडून मी मिरूचे कपडे किती, कुठले, तेच मनात मोजत बसले. मिरू पांढऱ्या फ्रॉकमध्ये माझ्या मांडीवर डोकं ठेवून शेमा, आमची रोजची प्रार्थना, म्हणत होती, पुटपुटत. तिला कुणी म्हण म्हटलं नव्हतं.

दुपार सरली. सोनं द्यायला माणसं यायला लागली. पहिल्यांना काकूंनी "उद्या या, शिळं चालतंय त्यांच्यात," म्हणून परत पाठवलं. दुसऱ्यांनाही. मग काकूंना त्यांच्या सुनेनं पूजेला आत बोलावलं. नेमक्या तेव्हाच बायकांचा घोळका आमच्या दाराशी आला. नवीन असाव्यात, आवाज ओळखीचे नव्हते. बांगड्या किणकिणल्या. कडीवर हात पडला.

आणि ओट्यावरून आवाज आला. वन्संचा. पण ठाण्याचा नव्हे. त्या लग्नाआधी उमरग्यात बोलायच्या, तो.

"ओ ताई! कडी वाजवू नगा. आज आमचं दार उघडत न्हाय. सोनं उद्या घिऊन या, शिळं चालतंय. अन् वाटंत कुनी भेटलं तर तेवढं म्होरं सांगा."