खिडकीतला कप

जर्मनीत ब्यॉब्लिंगेनला आमच्या वरच्या मजल्यावर शिकागोची एक कृष्णवर्णीय आजी राहायची. चहाला आली की शंभरेक वर्षांपूर्वीच्या आपल्या पणजीबद्दल सांगायची. पणजी गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक करायची, पण पाणी प्यायला पेला मात्र स्वतःचा न्यायची. मी ते मराठीत सांगितलं की पुण्याहून आलेल्या सासूबाई डोळे पुसायच्या. आणि आजी गेली की तिचा कप खिडकीत वेगळा पालथा घालायच्या, घरी कामवाल्या मावशींचा ठेवतात तसा.

"अहो आई, इथे तरी नको!" मी चिडायचे.

"तिला काय कळतंय?"

एकदा विसरलेला चष्मा न्यायला आजी लगेच परत आली. खिडकीतल्या कपाकडे तिने एकदा पाहिलं आणि चष्मा घेऊन गेली.

पुढच्या रविवारी मी चहा ओतायला घेतला, तर तिने हसत पिशवीतून स्वतःचा कप काढला.